टाय लावून ऑफिसला
आज पांढऱ्या शर्टावर गडद निळा, विणलेला टाय लावून गेले. लिफ्टमध्ये एका सहकाऱ्याने विचारलं, "काय, आज कुठे इंटरव्ह्यू आहे का?"

त्याच्या मनगटावर छान घड्याळ होतं. गंमत अशी, की पहिल्या महायुद्धाआधी युरोपात मनगटी घड्याळ हा मुख्यतः बायकांचा दागिना मानला जायचा. पुरुष साखळीचं घड्याळ खिशात बाळगायचे. खंदकात वेळ बघायला सारखा खिशात हात घालणं परवडेना, म्हणून सैनिकांनी ते मनगटावर बांधलं आणि बघता बघता ते 'मर्दानी' झालं. हे त्याला सांगणार होते, पण मजला आला. (त्याचं नशीब.)

उलट दिशेचा प्रवासही जुनाच आहे. फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सां लॉराँने बायकांसाठी टक्सिडो (पुरुषांचा समारंभी सूट) आणला १९६६ मध्ये. तरी टाय दिसला की लोकांच्या भुवया अजून वर जातातच.

कौतुक पुरे, अडचणही सांगते. नेहमीचा पुरुषी टाय साधारण ५८ इंच लांब असतो, त्यामुळे बुटक्या बाईच्या कमरेखाली लोंबतो. दुहेरी वेढ्याची गाठ मारली की लांबी थोडी खाल्ली जाते. मात्र जाड टायला ती गाठ गळ्याशी बटाट्याएवढी होते, तेव्हा पातळ आणि अरुंदच घ्या. टायपिन मात्र झकास, ओढणीलाही चालते.

आता डोळा कफलिंक्सवर आहे, म्हणजे बाहीच्या कफला बटणाऐवजी लावायच्या त्या जोडीवर. बायकांच्या मापात दुहेरी (उलटे दुमडायच्या) कफचे शर्ट कुणी शिवून घेतलेत का?