तुम्ही विचारलंत म्हणून: बारा संघ फिरलेला खेळाडू टाकाऊ असतो का?

आइस हॉकीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. एखाद्याला दर दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या संघाला देऊन टाकतात, म्हणजे तो कुणालाच नको असतो ना?

उलट आहे. टाकाऊ खेळाडूच्या बदल्यात कोण काय देणार? एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग; तिथला माइक सिलिंजर घ्या. १९८९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, डेट्रॉइट संघाने त्याला ११व्या क्रमांकावर घेतलं. पुढे तो १२ संघांकडून हजारावर सामने खेळला. नऊ वेळा त्याची अदलाबदल झाली. जुलै २००३मध्ये तर कोलंबसने त्याला डॅलसला दिलं आणि डॅलसने त्याच दिवशी फिनिक्सला! करारात नकाराचं कलम नसेल तर खेळाडूला विचारतही नाहीत. तरी २००५-०६च्या मोसमात, मध्येच संघ बदलून, त्याने ३२ गोल केले.

सिलिंजर सेंटर होता, म्हणजे मधल्या जागेचा आक्रमक. असा सेंटर हवासा वाटतो, कारण त्याचं कसब गाठोड्यात बांधून नेता येतं. गोल करणाऱ्या ताऱ्याला शेजारचे विंगर, म्हणजे दोन्ही बाजूंचे आक्रमक, अंगवळणी पडावे लागतात. फेसऑफला, म्हणजे पंच दोघांच्या मध्ये पक (खेळाची रबरी चकती) टाकून खेळ सुरू करतो तेव्हा, समोर एकच माणूस. खालचा हात काठीवर पात्याकडे सरकवायचा, वाकायचं, आणि नजर पंचाच्या पक धरलेल्या हातावर. हे फ्लोरिडात जसं, तसंच ओटावात.

अडतं ते सामानाशी. हेल्मेट, हातमोजे नव्या रंगात मिळतात. पँट नसेल तर जुनीवर कव्हर चढवतात. स्केट मात्र स्वतःचे. त्यांच्या पात्याच्या तळाला लांबीभर पन्हळ असते आणि तिच्या दोन कडा म्हणजे धार. पन्हळीची त्रिज्या अर्धा इंच, ही बऱ्याच जणांची पसंती. त्रिज्या घटवली की पन्हळ खोल होते: वळताना पातं बर्फ घट्ट धरतं, पण घसरण कमी होऊन पाय लवकर भरून येतात. नव्या गावचं धार लावायचं यंत्र वेगळं असतं. त्यातल्या घासायच्या दगडाचा आकार नीट राखला नसेल तर ‘अर्धा इंच’ सांगूनही पायाखाली भलतंच येतं. त्याहून वाईट म्हणजे एक कडा उंच, एक खाली. मग वळणावर पाय सुटतो आणि लोक म्हणतात, नवा गडी बिचकतोय. म्हणून जाणते पात्यावर आडवं नाणं टेकवून पाहतात. ते तिरकं बसलं तर पुन्हा धार.

काठ्यांचं वेगळंच. पात्याचा वाक आणि दांड्याची लवचीकता ज्याच्या त्याच्या मापाची, नवी मागणी यायला वेळ लागतो. म्हणून विमानात कपडे कमी आणि काठ्याच जास्त.