आमची वाटचाल: मागाच्या किनारीपासून महापालिकेच्या चिंध्यांपर्यंत

आमचा धंदा उभा राहिला इचलकरंजीच्या मागांवरच्या टाकाऊ मालावर. रॅपियर आणि एअरजेट या नव्या जातीच्या मागांना धोटा (आडवा धागा मागे-पुढे नेणारा) नसतो, त्यामुळे कापडाच्या कडेने धाग्यांची सलग दोरी कापून काढावी लागते. हा माल कोरडा, स्वच्छ असतो आणि तो सुती की पीसी (पॉलिएस्टर-सुती मिश्र) हे कारखानदाराला पक्कं ठाऊक असतं. पुढे शिंप्यांकडची कातरणं घेऊ लागलो. मग घराघरांतले जुने कपडे आले आणि कामाचं रूपच बदललं.

२०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक अशी विभागणी होती. कापड सुक्यात मोडतं, पण घंटागाडीत त्याला ओल्या कचऱ्याचं पाणी लागतं. सुती कापड ते शोषून घेतं, दोन-तीन दिवसांत बुरशीचे डाग पडतात, आणि धुऊन वाळवायचा खर्च चिंधीच्या भावापेक्षा जास्त होतो. म्हणून स्थानिक संस्थांपुढे आमची पहिली अट एकच असते: कापडासाठी वेगळी पिशवी, ठरलेला वार आणि झाकलेली वेगळी गाडी. घटस्थापनेआधी घरोघर धुणी निघतात, दिवाळीआधी कपाटं रिकामी होतात. त्या आठवड्यांत जादा फेऱ्या ठेवाव्यात. रस्त्यावर बेवारस ठेवलेल्या पेटीत लोक काहीही टाकतात, पावसाळ्यात तर ती निरुपयोगीच.

निवड करताना आधी वापरण्याजोगे कपडे बाजूला काढायचे. यात बोहारणींइतका तयार हात कुणाचा नाही. कॉलर, काख, चेन यांवर नजर टाकून त्या क्षणात किंमत सांगतात. निवड केंद्रात पहिली जागा आणि रोजची मजुरी त्यांना मिळायला हवी, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

उरलेल्या मालातली फिक्या रंगाची होजिअरी (बनियन, टी-शर्टचं कापड) आणि मऊ सुती कापड पुसण्याच्या फडक्यांसाठी जातं. बटणं, शिवणी कापून साधारण १२ ते १५ इंचांचे तुकडे करतात. गॅरेजवाले पांढरी होजिअरी मागतात, कारण तिचा रंग सुटत नाही. पॉलिएस्टर इथे चालत नाही: पाणी शोषत नाही आणि गरम भागावर वितळतं. लेबल नसेल तर धागा जाळून बघतात. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टरची कडक गोळी होते.

कापड फाडून पुन्हा तंतू करणाऱ्या फाडयंत्राकडे जाणाऱ्या मालातली चेन, हुक, रिव्हेट काढलीच पाहिजेत. धातू दातांवर आपटला की ठिणगी उडते, आणि भोवती कापसाची धूळ असल्याने आग लगेच पसरते. लायक्राचं (ताणल्या जाणाऱ्या धाग्याचं) कापड फाटत नाही, ताणलं जातं आणि रोलरला गुंडाळून तो तापवतं. म्हणूनच ताणणाऱ्या जीन्स आणि लेगिंग्ज वेगळ्या ठेवतो. फाडताना तंतू आखूड होतात, त्यामुळे ओपन-एंड या सूतकताईच्या यंत्रावर जाडच सूत निघतं, १० काउंटच्या आसपास किंवा त्याखाली (काउंट जितका कमी तितकं सूत जाड), तेही बहुधा पॉलिएस्टर मिसळून. त्यातून सतरंज्या, चादरी, हातमोजे होतात. रंगवार निवड नीट झाली तर पुन्हा रंगवावं लागत नाही. पानिपतचा जुन्या लोकरीच्या मालावरचा ब्लँकेटचा धंदा याच पद्धतीवर चालतो.

काही उपयोग नसलेल्या कापडाचं काय? किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्मांकाचा, पुनर्वापर न होणारा कचरा डेपोत पुरू नये असं २०१६ चे नियम सांगत होते. तो सिमेंट भट्टीकडे जावा.

खरी अडचण निविदेत आहे. गोळा केलेल्या टनावर पैसे दिले तर ओलं, मातीने जड झालेलं कापडच ठेकेदाराला परवडतं. आमचा मसुदा असा आहे: पैसे निवड करून केंद्राबाहेर गेलेल्या गाठींवर (बांधलेल्या गठ्ठ्यांवर), प्रतवारीनुसार, वजनकाट्याच्या पावतीसह. गाठीतला ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की वजन कापायचं. आणि भट्टीकडे जाणाऱ्या मालाचं भाडं महापालिकेने वेगळ्या खात्यातून द्यायचं, नाहीतर तो रात्रीतून ओढ्यात जातो.