नसलेला ब्लोहोल
दुसरी शिफ्ट सुरू होऊन दोन तास होत आले होते. तेवढ्यात आमच्या स्वयंचलित सीटी यंत्रणेने, म्हणजे क्ष-किरणांनी भागाच्या आतले त्रिमित चित्र काढून तपासणाऱ्या यंत्रणेने, ॲल्युमिनियमची ३१ कास्टिंग नापास केली होती, आणि बहुतेक सगळ्यांसमोर कारण एकच होते: मधल्या बरगडीच्या मुळाशी ब्लोहोल, म्हणजे धातूत अडकलेल्या वायूने पडलेले छिद्र. एरवी अख्ख्या शिफ्टमध्ये चार-पाच जॉब (तपासायचे भाग) नापास होत. एकच दोष एकाच जागी वारंवार दिसला की संशय साच्यावर जातो, आणि तो बहुधा बरोबरही असतो. त्यामुळे डाय, म्हणजे तो साचा, उतरवायची तयारी सुरू झाली होती. त्या निर्णयावर माझी सही लागणार होती, म्हणून मी एका जॉबचा त्रिमित डेटा स्वतः उघडून पाहिला.

वायूमुळे पडणारे छिद्र साधारण गोल असते आणि धातू आकसल्याने पडणारी पोकळी वेडीवाकडी, फाटे फुटलेली असते. इथे दिसत होती ती जेमतेम तीन व्हॉक्सेल (त्रिमित चित्रातला सर्वांत लहान ठोकळा) रुंदीची, कोयत्याच्या पात्यासारखी वळलेली काळसर रेघ. आमचा व्हॉक्सेल १०० मायक्रॉनचा असल्याने ही रुंदी ०.३ मिलिमीटर झाली. आणखी पाच जॉब उघडले, तर वळण तेच आणि उंचीही तीच. त्या रेघेवर वर्तुळ बसवून पाहिले, तेव्हा त्याचा मध्य टर्नटेबलच्या, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या चकतीच्या, अक्षावर आला. साच्याला आमच्या टर्नटेबलचा अक्ष कुठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

सीटीमध्ये जॉब फिरतो आणि पार झालेले क्ष-किरण टिपणारा डिटेक्टर स्थिर असतो. त्यामुळे एखादा पिक्सेल सतत चुकीचे मूल्य देत असेल, तर वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या आमच्या ९०० प्रक्षेपांतली ती चूक पुनर्रचनेत, म्हणजे त्यांतून त्रिमित चित्र तयार करताना, अक्षाभोवती कड्याच्या रूपाने उमटते. शंकूच्या आकाराच्या किरणझोतासाठी फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस यांनी १९८४ साली मांडलेली पुनर्रचनेची पद्धत आजही सर्रास वापरली जाते आणि आमचे सॉफ्टवेअरही तीच वापरते; पण आलेली नोंद जॉबची आहे की डिटेक्टरची, हे तिला कळत नाही. कडे बाकी ठिकाणी हवेतून जात होते आणि फक्त त्या बरगडीत धातूला छेदत होते, म्हणून संगणकाला तेवढाच तुकडा पोकळी वाटला.

खात्रीसाठी एक नापास जॉब हाताने पाच मिलिमीटर सरकवून पुन्हा स्कॅन केला. ब्लोहोल खरा असता तर तो जॉबबरोबर सरकला असता. तो होता तिथेच राहिला, आणि बरगडीतली त्याची मूळ जागा अगदी भरीव दिसली.

मग प्रश्न पिक्सेलचा होता. पण तपासले, तर सगळे पिक्सेल ठीक होते! अखेर शिफ्टच्या सुरुवातीला आपोआप घेतलेला गेन मॅप, म्हणजे जॉब न ठेवता घेतलेली, पिक्सेलमधला फरक भरून काढणारी प्रतिमा, मी मोठी करून पाहिली. तिच्यात एका जागी स्वल्पविरामासारखा बारीक डाग होता. कॅबिनेट उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर डिटेक्टरखाली पोलादाचा एक वळलेला कीस पडलेला होता, मिलिमीटरभर लांबीचा आणि तेलकट. कॅलिब्रेशनच्या वेळी तो डिटेक्टरच्या आवरणाला चिकटलेला असावा आणि नंतर गळून पडला असावा. तिथे आडकाठी आहे असे समजून यंत्रणा त्या पिक्सेलची मूल्ये वाढवत राहिली. आडकाठी नव्हती, म्हणून तिथून जास्त किरण पार झाल्यासारखे दिसले आणि पोकळी तयार झाली.

आवरण पुसून नवा गेन मॅप घेतला आणि ३१ जॉब पुन्हा स्कॅन केले. २८ पास झाले. उरलेल्या तिघांत खरे, गोल ब्लोहोल होते, आणि तेही तीन वेगवेगळ्या जागी. डाय उतरवण्याचे काम थांबवले.

पूर्वी जॉब हाताने ठेवला जाई, दर वेळी थोडा इकडेतिकडे, आणि असे कडे प्रत्येक जॉबमध्ये वेगळ्या जागी उमटून लगेच ओळखू येई. आता जॉब ठेवणाऱ्या रोबोटने ती हयगय संपवली होती. नापास ठरलेला प्रत्येक जॉब पाच मिलिमीटर सरकवून एकदा पुन्हा स्कॅन व्हावा, असे मी सुचवले, तेव्हा रोबोटचा प्रोग्रॅम लिहिणारे आमचे सहकारी थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. जॉब दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून त्यांनी तीन महिने घालवले होते.