मोलिनासेकाचा उतार

स्पेनमधल्या सान्तियागोच्या पायी यात्रेत आस्तोर्गा हे गाव सोडल्यावर आज वार कुठला हे विचारणंच बंद झालं. अंधारात उठायचं, दुसऱ्यांच्या बॅटऱ्यांचे झोत डोळ्यांवर घेत बूट चाचपायचे आणि पिवळा बाण दिसेल तिकडे चालू लागायचं. हे बाण 1980 च्या दशकात याच वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावच्या पाद्रीबाबांनी, एलियास वालिन्यांनी, रंगवायला घेतले. तोवर ही वाट जवळजवळ बुजलेली होती. आता झाडावर, दगडावर, गोठ्याच्या भिंतीवर, कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा बाण आहेत. आपल्या दिंडीत पुढे पताका असतात, चोपदार असतो, चुकलात तर कोणीतरी ओरडून रांगेत घेतं. इथे ओरडायलाही कोणी नाही. पहिले काही दिवस ते फार आवडलं, नंतर कोणीतरी ओरडावं असं वाटायला लागलं.

आस्तोर्ग्यात वास्तुकार गाऊदीने बांधलेला बिशपचा वाडा पाहिला. त्याहून जास्त लक्षात राहिलंय ते तिथलं जेवण. त्या भागातल्या मारागातो लोकांची रीत उलटी, म्हणजे आधी मांसाची परात, मग काबुली चणे आणि कोबी, सूप सगळ्यात शेवटी. मी म्हटलं, मला फक्त मधलं द्या. वाढणारा हसला आणि त्याने चणे आणले, पण ते शिजले होते त्याच मांसाच्या पाण्यात. मी माळकरी नाही, अंडं खाते, पण त्या वासाने घास उतरेना. बटाट्याचं ऑम्लेट आणि पाव. पुढेही बहुतेक तेच. घरच्या ग्रुपवर त्याच दिवशी वारीतल्या चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणाचे फोटो आले होते आणि वहिनीने मुद्दाम पिठलं-भाकरीचाही टाकला होता. फोन उलटा ठेवला.

राबानालला मुक्काम. तिथलं चर्च म्हणजे छोटं दगडी देऊळच म्हणायचं, भिंतीला भेगा. संध्याकाळी बेनेडिक्टाइन साधू आले आणि लॅटिनमध्ये गायला लागले. टाळ नाही, पखवाज नाही, चालही एकाच जागी तरंगणारी. वेळ मात्र नेमकी आपल्या हरिपाठाची. शब्द एक कळत नव्हता आणि माझे ओठ हलायला लागले, आपलंच म्हणत होते. शेजारच्या बाकावर एक माणूस सगळं मोबाइलवर टिपत होता, स्क्रीनचा उजेड माझ्या तोंडावर. त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. रात्री तोच वरच्या बंकवर आला आणि घोरला.

फोन्सेबादोन हे एके काळी ओस पडलेलं, वाटसरूंमुळे पुन्हा चूल पेटलेलं गाव. तिथे चहा. क्रूस दे फेर्रोला, म्हणजे खांबावरच्या लोखंडी क्रुसापाशी, वाटसरूंनी आणलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यावर नीरेकाठचा दगड ठेवला आणि फोटोवाल्यांची गर्दी टाळून निघाले.

आणि मग उतार.

क्रूस दे फेर्रो पंधराशे मीटरवर, मोलिनासेका सहाशेच्या आसपास. मधलं सगळं अंतर गुडघ्यांवर येतं. दिवे घाटात निदान चढ असतो, माणसं असतात, दम लागला तर पुढचा अभंग थांबत नाही. इथे पाटीच्या दगडाचे पापुद्रे वाटेत उभे रुतलेले, त्यावर सुटे खडे, आणि ऊन डोक्यावर. एल आसेबो येईपर्यंत डाव्या अंगठ्याखाली काहीतरी ओलं झालं होतं. तिथे थांबायला हवं होतं, पण आल्बेर्गेच्या, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळेच्या, दारात सायकलवाल्यांची झुंड होती, ते मघाशी घंटी न वाजवता अंगावर आले होते, आणि त्यांच्याबरोबर एका छताखाली बसायची माझी तयारी नव्हती. पुढे निघाले. चार पावलं टाकायची, काठीवर रेलायचं, पुन्हा चार. पांडुरंगाचं नाव घेत होते की शिव्या देत होते, नक्की सांगता येणार नाही. दोन्ही एकाच श्वासात चाललं होतं.

रिएगो दे आम्ब्रोस हे लहानसं गाव. काळ्या पाटीची छपरं, रस्त्यावर झुकलेले लाकडी सज्जे, कुंड्यांत लाल फुलं. एका घरासमोर दगडी ओटा होता, त्यावर बसले आणि उजवा बूट काढला. डावा काढायचं धाडस होईना.

दार उघडून म्हातारी बाहेर आली. ऐंशीच्या घरातली असेल, निळ्या चौकड्यांचा झगा, पायात कापडी सपाता. माझं स्पॅनिश पाणी, पाव आणि संडास एवढ्यापुरतं. तिने माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. थांबेचना. जणू माझी आजीच ओरडत होती, फक्त भाषा वेगळी. मग आत जाऊन प्लास्टिकचं निळं टोपलं घेऊन आली. कोमट पाणी, मूठभर मीठ आणि वरून बाटलीतून ओतलेलं व्हिनेगर. डावा बूट तिनेच ओढला. मोजा कातड्याला चिकटला होता, तो पाण्यातच सोडवायचा, असं तिने खुणेने सांगितलं.

पहिलं अर्धं मिनिट डोळ्यांत पाणी. मग इतकं बरं वाटलं की तिथेच झोप लागली असती.

ती समोर लाकडी स्टूल घेऊन बसली. माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढायला लागले, तुमच्या मांडीवर पाय कसा ठेवू. तिने मांडीवर चापट मारून तो पुन्हा जागेवर बसवला. आपल्याकडे वारीत पाय चेपून देणारी माणसं रस्त्याच्या कडेला रांगेने बसलेली असतात, त्यांना नाही म्हणायचं नसतं. इथे ती एकटीच. सुई लायटरवर धरली, पांढरा दोरा ओवला, दोन्ही आयोडिनात बुडवलं, फोडाच्या एका कडेने घातली आणि दुसरीकडून काढली. दोऱ्याची टोकं दोन्ही बाजूंनी लोंबत ठेवली, पाणी त्यावरून झिरपत राहावं म्हणून. कातडं मात्र काढू दिलं नाही. मग माझा बूट हातात घेऊन पुन्हा ओरडली. घोट्यापाशी लेस सैल होती. उतारावर ती करकचून बांधायची, नाहीतर पाय पुढे सरकून बोटं चेपतात. दोनदा माझ्याकडून बांधून घेतली.

वाडगाभर चेरी आणून ठेवल्या. बिया कुठे टाकू विचारलं तर तिने स्वतःची रस्त्यापलीकडे थुंकून दाखवली.

मी पाकीट काढलं आणि ती खरोखरच रागावली. बोट हलवून नाही म्हणाली, मग दोन्ही हात स्वतःभोवती गुंडाळून पश्चिमेकडे मान केली, म्हणाली, सान्तियागो. एवढं कळलं. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये वेदीमागच्या पायऱ्या चढून संताच्या पुतळ्याला मागून मिठी मारतात, तर एक माझ्या वतीने मार. आमच्या गल्लीत पालखीबरोबर निघताना शेजारणी म्हणतात, पांडुरंगाला माझा नमस्कार सांगा गं. नाव विचारायचं सुचलं नाही.

मोलिनासेकाला जुन्या पुलाखाली सगळे नदीत पाय सोडून बसले होते. मी बसले नाही, दोरा भिजला असता.

दुसऱ्या दिवशी पोन्फेर्रादात टेम्पलरांचा किल्ला बाहेरूनच पाहिला आणि औषधाच्या दुकानात गेले. दोरा पाहून ती मुलगी किंचाळलीच. दोऱ्यातून जंतू आत जातात, हे कोणी केलं, वगैरे. तिने दोरा कापला, स्वच्छ केलं, पट्टी लावली, पैसे घेतले. तिचं बरोबरच असणार. तरी तो दोरा कचऱ्यात पडताना मला त्या मुलीचा राग आला.

रात्री आल्बेर्गेत एका गृहस्थाने विचारलं, तुम्ही हिंदू ना, मग इथे कशाला? मी मोजे वाळत घालत राहिले.

पुढच्या व्हियाफ्रांका गावाला सान्तियागोच्या नावाचंच देऊळ, म्हणजे चर्च, आहे. त्याचं उत्तरेकडचं दार क्षमेचं. आजारी, थकलेला वाटसरू पुढे जाऊ शकत नसेल तर या दारात त्याला सान्तियागोला पोचल्याचं पुण्य मिळे. मला ही सोय फार पटली. आपणही रांग आवाक्याबाहेर असली की कळसाला हात जोडून माघारी फिरतोच. दार मात्र बंद होतं. 25 जुलैला रविवार येतो त्या वर्षीच ते उघडतं, आता 2027 ला. बंद तर बंद, उंबऱ्यावर बसून हिशोब केला. पाय असा, पुढे सेब्रेइरोचा चढ, सान्तियागो अजून पावणेदोनशे किलोमीटरच्या वर. माझ्यापुरतं इथे थांबून चाललं असतं. पण म्हातारीची मिठी पोचवायची होती, आणि ती काही या दारात पोचणारी नव्हती.

गावातल्या दुकानातून एक नंबर मोठे सँडल घेतले. निळे मिळाले, पुरुषांचे. त्यात जाड मोजे घालून चालते, दिसतं भयंकर.