‘इतर’मध्ये बसलेली चित्रकला

पाच दिवसांचं प्रशिक्षण पाच दिवसांत संपलं. त्याचा फॉर्म भरायला मात्र मला २३ दिवस लागले, आणि अजूनही त्या कचेरीवरून रिक्षा गेली की मी मान दुसरीकडे फिरवते.

मी बडोद्यातल्या एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या वर्षी सहावीच्या एकाच वर्गात तिघं आली: एक अल्पदृष्टी मुलगी, एक ऐकू न येणारा मुलगा आणि ओल्या मातीला बोट लागलं की किंचाळणारा एक स्वमग्न मुलगा. मला यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. मोठ्या बाईंनी कला आणि संगीत शिक्षकांसाठीच्या समावेशक शिक्षणाच्या प्रशिक्षणाचं परिपत्रक दाखवलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शाळेचं ना-हरकत पत्र तासाभरात हातात. तिथवर सगळं सुतासारखं सरळ.

मग ऑनलाइन फॉर्म. ‘विषय’ या रकान्यात गणित, विज्ञान, समाजविद्या, गुजराती, हिंदी, इंग्रजी, संस्कृत आणि शेवटी ‘इतर’. प्रशिक्षण कला शिक्षकांचं, आणि यादीत कलाच नाही! ‘इतर’ निवडलं की बी.एड.ची गुणपत्रिका मागायचा. माझं ए.टी.डी., म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा. चित्रशिक्षक याच पदविकेवर लागतात. मी तीच जोडली. तीन दिवसांनी उत्तर आलं, ‘अपात्र’.

कचेरीत पहिल्या खेपेला साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्या खेपेला कुलूप, कारण चौथा शनिवार. ही माझीच चूक. जन्म बडोद्यात गेला तरी दुसरा-चौथा शनिवार डोक्यात राहत नाही. तिसऱ्या खेपेला कारकुनानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. “बेन, विषय ज नथी, तो हुं शुं करुं?” विषयच नाही, तर मी काय करू? ए.टी.डी. बी.एड.शी समकक्ष असल्याचा दाखला आणा म्हणाले. कुणाकडून? “उपरथी.” वरून. वर तर गच्ची होती.

बाकावर पावणेदोन तास बसले. समोर सयाजीराव महाराजांची तसबीर. याच माणसाच्या राज्यात १८८६ साली गायनशाळा निघाली, १८९० साली कलाभवन. त्यांच्या नजरेसमोर त्यांच्याच गावात चित्रकला ‘इतर’मध्ये, आणि ‘इतर’ अपात्र. खरं सांगते, उठून घरी जाणार होते.

शेजारी तबल्याचे एक सर बसले होते. पूर्ण अंध. त्यांचं संगीतही यादीत नव्हतं, शिवाय छापील प्रतीवरची सही चौकटीबाहेर गेली म्हणून फॉर्म परत आलेला. “ताई, चौकट कुठे आहे तेवढं दाखवा,” म्हणत त्यांनी खिशातून पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा काढला. मधोमध ब्लेडनं कापलेली अरुंद खिडकी. मी ती चौकटीवर बसवली. त्यांनी डाव्या तर्जनीनं कडा चाचपली, पेन खालच्या कडेला टेकवलं आणि झरझर सही केली. एक वेलांटीसुद्धा बाहेर नाही. माझी सही त्यांच्यापेक्षा वेडीवाकडी होती.

मग आम्ही दोघांनी मिळून एक अर्ज केला. परिपत्रकातल्या ‘कला व संगीत शिक्षक’ या शब्दांखाली लाल रेघ मारून झेरॉक्स जोडली. आणि हे महत्त्वाचं, सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: अर्ज कुणाच्या हातात देऊन निघू नका. आवक खिडकीवर द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घ्या. नंबर पडला की कागद हलतो. आमचा सहा दिवसांत हलला.

प्रशिक्षण चांगलं होतं. पहिल्या दिवशी डोळ्यांना पट्टी बांधून चित्र काढायला लावलं, ते मला पटलं नाही. आम्ही सगळे चाचपडत घाबरलो, तेव्हा तबल्याचे सर हसून म्हणाले, “मी असा घाबरत नाही हो दिवसभर.” २०१६च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यावर अर्धा दिवस गेला. उपयोगी पडलं ते साधंच. फेविकॉलची रेघ रात्रभर वाळू दिली की बोटाला लागते. अल्पदृष्टी मुलीला आता मी तशीच बाह्यरेषा देते. माती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून दिली की तो मुलगा बाहेरून मजेत मळतो. आणि ब्रश चालवताना बोलायचं नाही. आधी बोलायचं, मग करून दाखवायचं. ऐकू न येणाऱ्या मुलाला माझे ओठ आणि माझा हात एकाच वेळी कसे दिसणार? वीस वर्षं मी फळ्याकडे तोंड करून बडबडत होते.

पुठ्ठ्याच्या खिडक्याही केल्या, शर्टाच्या खोक्यांतून. चार केल्या होत्या; वर्गात मारामारी झाली, अजून पंधरा कापाव्या लागल्या.

हो, फॉर्म स्वीकारायचा तर यादीतला कुठलातरी विषय हवाच होता, म्हणून कारकुनानं परस्पर एक निवडला. माझ्या प्रमाणपत्रावर लिहिलंय ‘समाजविद्या शिक्षिका’. तबल्याचे सर संस्कृतचे झालेत. दुरुस्तीचा अर्ज दिलाय. आवक नंबर घेतलाय.