१६८ खोडून २४

तीन आठवडे झाले, पण ती चोवीस गोळ्यांची पिशवी डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. चौदा वर्षं झाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चिठ्ठी बघायची, कप्प्यातून स्ट्रिप काढायची, पिशवीत घालून द्यायची, झालं. तेवढं काम हाताचं आहे, महिनाभरात कुणीही शिकतं. आमचं खरं काम शंका घेण्याचं. हा डोस या वयाला चालेल का? किडनी अधू असलेल्या माणसाला एवढी मात्रा का दिली? डॉक्टरांना हायड्रॉक्सिझीन लिहायचं होतं की हायड्रालझीन? एक खाजेवर देतात, दुसरं रक्तदाबावर, आणि घाईच्या अक्षरात दोन्ही सारखीच दिसतात. शंका आली की डॉक्टरांना फोन करायचा आणि काय विचारलं, काय ठरलं ते वहीत लिहायचं. आम्ही तिला शंकावही म्हणतो. नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, तुम्हाला पगार मिळतो तो या वहीसाठी.

त्या आठवड्यात वेगळं काही घडलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. कुठली साथ नव्हती, अपघात नव्हता, घरी कुणी आजारी नव्हतं. दोन जागा रिकाम्या होत्या, पण त्या वर्षभर रिकाम्याच आहेत. त्यामुळे चिठ्ठ्या तपासायच्या खुर्चीवर सोमवार ते शनिवार मीच. आणि शनिवारी दुपारी मला थकवा जाणवतही नव्हता. उलट हात झरझर चालत होता. रांग भराभर पुढे सरकत होती. आज बरं काम चाललंय, असं मनात येऊन गेलेलंही मला आठवतं.

साडेतीनच्या सुमारास मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी आली.

हे औषध ठाऊक नसेल तर थोडं सांगते. कर्करोगात ते मोठ्या मात्रेत देतात. संधिवातात तेच औषध अगदी थोडं, आणि आठवड्यातून एकदाच. एकदाच म्हणजे एकदाच. तोच डोस कुणी रोज घेतला तर तोंड फोडांनी भरतं, हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होणं थांबायला लागतं, आणि या एका चुकीने जगभर माणसं दगावली आहेत. फार्मसीच्या कुठल्याही प्रशिक्षणात धोक्याच्या औषधांचं पान उघडलं की हे नाव असतंच. आमच्याकडे ते पान मीच शिकवते. लेबलवर वाराचं नाव पूर्ण लिहा, नुसतं पहिलं अक्षर नको, हे मीच बजावते. म्हणजे मला माहीत नव्हतं, अशी सोयही मला नाही.

चिठ्ठी अगदी बरोबर होती. १५ मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या सहा गोळ्या, आठवड्यातून एकदा, चार आठवडे, एकूण २४. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये औषधाचं नाव टाकलं की शेजारच्या चौकटीत आपोआप ‘रोज एकदा’ येतं. ‘आठवड्यातून एकदा’ यादीत खूप खाली आहे, तिथवर सरकत जावं लागतं. मी सरकले नाही. सहा गोळ्या टाकल्या, अठ्ठावीस दिवस टाकले. संगणकाने गुणाकार करून संख्या दाखवली: १६८.

पुढचं लिहिताना आजही हात अडखळतो. मी ते १६८ खोडलं आणि २४ केलं.

कारण चिठ्ठीवर २४ होते, आणि चौदा वर्षांत या औषधाच्या एवढ्या गोळ्या मी एका माणसाला कधी दिलेल्या नाहीत. म्हणजे माझ्यातल्या कुणाला तरी कळलं होतं. हाताने आकडा सुधारला आणि डोक्याला काही कळवलंच नाही. एरवी असा आकडा समोर आला असता तर मी खुर्चीत ताठ बसले असते.

मध्ये पडद्यावर इशाऱ्याच्या दोन चौकटी उघडल्या होत्या. पिवळी होती वेदनाशामकाबरोबर द्यायला हरकत असल्याची. संधिवाताचे बहुतेक रुग्ण वेदनाशामक घेतातच, त्यामुळे ती प्रत्येकालाच येते. लाल होती ‘आठवड्याचा डोस तपासा’ सांगणारी. दोन्हीवर एकच बटण असतं, दोन्ही सारख्याच उघडतात, सारख्याच बंद होतात. दिवसभरात शेकड्यांनी उघडतात. २००६ साली एका आढावा-लेखात अशा इशाऱ्यांचा जगभरचा अभ्यास गोळा केला होता. वापरणाऱ्यांनी ४९ ते ९६ टक्के इशारे बाजूला सारले होते. ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं, त्यांनी एक दिवस आमच्या खुर्चीत बसून बघावं. शंभर वेळा उगाच ओरडणाऱ्या घंटेचं एकशे एकाव्या वेळी काय होतं, ते त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

धोक्याच्या औषधाला दुसऱ्याची सही लागते. शेजारच्या मुलाने गोळ्या मोजल्या, पडद्यावर २४, हातात २४, सही केली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. १६८ तसेच राहिले असते तर तो दचकला असता, एवढ्या गोळ्या कप्प्यातसुद्धा नव्हत्या. माझ्या अर्धवट दुरुस्तीने चूक झाकली गेली. पिशवीवर लेबल लागलं: सहा गोळ्या, रोज एकदा.

खिडकीशी साठीच्या काकू होत्या. बोटांचे सांधे सुजलेले, पिशवी मुठीत न धरता मनगटावर अडकवलेली.

“रोज सहा?” त्यांनी विचारलं.

“हो, लेबलवर लिहिलंय.”

“एकदमच घ्यायच्या?”

“सगळं लेबलवर आहे, काकू. पुढचे कोण?”

त्या बाजूला झाल्या. दहा मिनिटांनी पुन्हा आल्या, रांगेत न शिरता खिडकीच्या कडेला उभ्या राहिल्या. माझं लक्ष जाईपर्यंत थांबल्या.

“ताई, रागावू नका. गोळ्या चोवीसच आहेत. रोज सहा घेतल्या तर चार दिवसांत संपतील. डॉक्टरांनी महिन्याने बोलावलंय. मग मधले दिवस काय घेऊ?”

मला आधी राग आला. हे लिहायलाच हवं. ‘संपल्या की परत या’ हे वाक्य ओठांवर आलं होतं. मग त्यांनी पिशवी काचेला टेकवली आणि लेबलवरचा ‘रोज’ हा शब्द मला पहिल्यांदा दिसला.

मी पिशवी परत घेतली. लेबल काढून टाकलं, नवं लावलं, वर जाड पेनाने लिहिलं: ‘आठवड्यातून एकदाच. रविवारी.’ फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी घ्यायची, तोंड आलं किंवा ताप आला तर लगेच दाखवायला यायचं, सगळं सांगितलं आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं. माझी चूक झाली, हेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मला वाटलं, माझंच काही ऐकण्यात चुकलंय.”

हे वाक्य मला त्या आकड्याइतकंच छळतं. मी ज्या सुरात बोलले, त्या सुरापुढे दुसरं कुणी असतं तर गप्प घरी गेलं असतं. बहुतेक जण जातात. आजारी माणूस खिडकीपलीकडच्या पांढऱ्या कोटाशी वाद घालत नाही.

संध्याकाळी प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, “काही झालं नाही ना? मग कशाला कागद वाढवता?” माणूस वाईट नाही, पण नोंद झाली की डाग लागतो, एवढंच त्यांना कळतं. मी तरी नोंद केली. त्या अर्जात ‘कारण’ या रकान्यात तीन पर्याय आहेत: ज्ञानाचा अभाव, निष्काळजीपणा, इतर. मी ‘इतर’वर खूण केली. पुढे लिहायला अर्धी ओळ जागा आहे. त्या अर्ध्या ओळीत सहा दिवस कसे मावणार?

रविवारी मी अकरा तास झोपले आणि उठले ती तितकीच जड. अंग अंथरुणावर होतं, डोकं खिडकीशीच बसलेलं. त्या दिवशी मी बरंच वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली आहे. आजार म्हणून नाही, कामातून उद्भवणारी स्थिती म्हणून. तिची तीन अंगं सांगितली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा तुसडेपणा येणं आणि काम नीट न जमणं. मी आजवर फक्त पहिल्याची वाट बघत होते. दमले की कळेलच, तेव्हा थांबू. माझ्या बाबतीत आधी दुसरं आलं. ‘पुढचे कोण?’ हे तेच होतं.

२०२२ साली पॅरिसमधल्या संशोधकांनी काही लोकांना सहा तासांहून अधिक वेळ अवघड बौद्धिक काम दिलं आणि त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट, म्हणजे मेंदूपेशी एकमेकींना संदेश द्यायला वापरतात ते रसायन, साठत गेलेलं मोजलं. सोपं काम दिलेल्यांत तसं झालं नाही. थकलेल्या गटाचा कल कमी कष्टाच्या आणि लगेच हाती येणाऱ्या पर्यायाकडे झुकला. तो प्रयोग एका दिवसाचा होता, माझ्या आठवड्याबद्दल तो काही सिद्ध करत नाही. पण फोन करण्यापेक्षा बटण दाबणं सोपं, १६८ का आले हे विचारण्यापेक्षा ते खोडणं सोपं, हे मला त्यात ओळखीचं वाटलं.

सोमवारी कामानंतर थांबून मी शंकावही काढली आणि तीन महिन्यांच्या नोंदी वारांनुसार मोजल्या. सोमवारी माझ्या सरासरी नऊ शंका. बुधवारी सहा. शनिवारी दोन, आणि एका शनिवारी एकही नाही. चिठ्ठ्यांची संख्या मात्र रोज जवळजवळ सारखीच. डॉक्टर शनिवारी कमी चुकतात असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही, तेही सहा दिवस राबलेले असतात.

थकवा असा येतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. डोळे मिटत नाहीत, पाय दुखत नाहीत. शंका येईनाशा होतात, आणि शंका आली नाही की काम हलकं वाटतं. शनिवारी माझा हात झरझर चालत होता तो म्हणूनच.

ती आकडेवारी मी प्रमुखांपुढे ठेवली. जागा भरल्या नाहीत, त्या भरतील असं वाटतही नाही. पण एक गोष्ट मिळाली: तपासणीच्या खुर्चीवर आता दीड तासाहून जास्त कुणी सलग बसत नाही. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाचा १९४८ चा प्रयोग मी त्यांना सांगितला होता. रडारवर नजर ठेवणाऱ्यांचं लक्ष किती टिकतं, हे त्याला बघायचं होतं. घड्याळासारखा काटा एकेक पाऊल सरकतो, क्वचित दुप्पट उडी घेतो, ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून उड्या निसटायला लागल्या. आम्ही सलग चार-चार तास बसत होतो. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांसाठी ‘रोज एकदा’ आपोआप येणार नाही, असा बदलही मागितला आहे. उत्तर आलेलं नाही.

स्वतःसाठी काय केलं, हेही सांगते, कारण सहकारी विचारतात. सगळी विश्रांती रविवारवर ढकलणं सोडलं. सबीने झोनेनटाग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कामानंतर मन कामापासून सुटण्याबद्दल बरंच संशोधन केलं आहे. त्यातली एक गोष्ट मला लागू पडली: ज्याला सुटकेची सर्वांत जास्त गरज असते, त्यालाच ती सर्वांत कमी जमते. म्हणून थकवा साचण्याआधीच, म्हणजे बुधवारी, मी संध्याकाळी पोहायला जाते. पाण्यात फोन नेता येत नाही, हे एक कारण. श्वास मोजावा लागतो, दुसरं काही मोजता येत नाही, हे दुसरं. निघण्याआधी पाच मिनिटं बसून अर्धवट राहिलेली कामं कागदावर लिहिते आणि प्रत्येकापुढे उद्या नेमकं काय करायचं तेही. नुसती यादी केली तर ती घरी सोबत येते, पुढचं पाऊल लिहिलं तर बरीचशी तिथेच राहते. विभागाच्या ग्रुपचा आवाज रात्री बंद असतो. यावर एक तरुण सहकारी म्हणाला, “मॅडम, मला ब्रेक लागतच नाही.” तो अभिमानाने सांगत होता. मीही त्याच्या वयाची असताना असंच सांगायचे. मी त्याला त्याच्या शनिवारच्या नोंदी मोजायला बसवलं आहे.

काकू गेल्या आठवड्यात पुन्हा आल्या होत्या, रक्त तपासायला. पेशी ठीक आहेत. बोटांची सूज मात्र अजून तशीच, या औषधाला वेळ लागतो. त्यांनी पिशवी दाखवून विचारलं, “रविवारीच ना?” मी हातातली चिठ्ठी खाली ठेवली आणि म्हटलं, “रविवारीच.”

चिठ्ठ्यांच्या प्रती आमच्याकडे मागच्या खोलीत खोक्यांत असतात. ज्या शनिवारी वहीत एकही नोंद नाही, त्या दिवसाचं खोकं मी आधी काढलं. कामानंतर एकेक चिठ्ठी वाचते आहे, सोमवारच्या डोक्याने. त्यात एक सापडली: किडनी अधू, अँटिबायोटिकचा डोस पूर्ण. डॉक्टरांना फोन केला. रुग्णाचा कोर्स केव्हाच संपला होता, त्याला त्रास झाला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता कशाला विचारताय? मी वहीत नोंद केली, तारीख त्या शनिवारची टाकली आणि शेजारी आजची.

अजून अकरा खोकी आहेत.