ट्वीटरच्या जिवाला घोर

दुपारी लाईट गेली की आमच्याकडं लोकांना पाण्याची मोटार आठवते, फ्रीजमधलं दूध आठवतं. मला ट्वीटर आठवतो, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाज काढणारा छोटा भाग. लाईट परत येते, कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर बरोबरच जागे होतात, साउंड कार्डातून 'ठक्क' निघतो आणि थेट त्या नाजूक ट्वीटरवर जाऊन आदळतो. म्हणून आमच्या घरात कायदाच आहे: आधी कॉम्प्युटर, मग ॲम्प्लिफायर, बंद करताना उलटं. आणि त्या बटणांना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. बायको म्हणते, "एवढ्या नेमानं देवाला दिवा लावला असता तर…" पुढचं ती बोलत नाही, तेवढी तिची कृपा.

विकतच्या स्पीकरला ही भीती कमी. त्याच्या पोटात कॉइल-कंडेन्सरची जाळी असते. जाड आवाज वूफरकडं, बारीक ट्वीटरकडं. पण ती बसते ॲम्प्लिफायरच्या नंतर, त्यामुळं थोडी ताकद तिथंच गरम होऊन जाते, आणि काही बदलायचं म्हटलं की डबा उघडा, डाख लावायचा कावीया तापवा. मी ती जाळीच काढून टाकली. आता वाटणी कॉम्प्युटर करतो. जुनं ५.१ चं साउंड कार्ड, मागं हिरवं, काळं, नारंगी अशी तीन भोकं, म्हणजे सहा वाटा. हिरव्यातून दोन्ही ट्वीटर, काळ्यातून मधल्या आवाजाचे स्पीकर, नारंगीतून वूफर, प्रत्येकाला स्वतंत्र ॲम्प्लिफायर. ३०० आणि ३००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांवर, हद्द. ही हद्द कशी आखायची हे लिंकविट्झ आणि रायली या दोन इंजिनिअरांनी १९७६ च्या सुमारास दाखवून दिलं: हद्दीवर शेजारच्या दोन्ही स्पीकरनी सहा-सहा डेसिबलनं, म्हणजे निम्म्यावर, खाली यायचं, मग बेरीज सपाट येते. भावकीत असं कुणी वागलं असतं तर बांधाचे दावे कोर्टात गेलेच नसते.

ट्वीटर जेमतेम तीन सेंटिमीटर पुढं बसलाय, म्हणून सगळ्यांचा आवाज एकदम कानात पोचावा यासाठी त्याला चार सँपल, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे करतो तसले चार बारीक तुकडे, थांबवायचं. एवढ्या वेळात आवाज तेवढंच अंतर कापतो. इतकं सगळं करूनही तो 'ठक्क' अडवायला ट्वीटरच्या तारेत एक कंडेन्सर मी ठेवलाच आहे. कॉम्प्युटरवर विश्वास आहे, पण इतका नाही.

परभणीकडं आमच्या गावात सप्ताह असला की लिंबाच्या फांदीला भोंगा बांधत. आम्ही पोरं विहिरीवर. तिथवर टाळ यायचे, बुवांचा नाकातला आवाज यायचा, आणि पखवाज अजिबात नाही. पखवाजवाले काका कामचुकार, असं आमचं ठाम मत होतं. संध्याकाळी मांडवात जाऊन बसलो की डाव्या पुडीवर ओली कणीक थापलेली दिसायची, आणि तिच्यावर थाप पडली की 'धूं' पोटात जाणवायचा. पाठीमागच्या म्हाताऱ्यानं पान थुंकलं तरी ऐकू येणार नाही असा. काकांवर घेतलेला आळ तिथंच विरघळायचा. १०० हर्ट्झच्या जाड आवाजाची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब; भोंग्याचं तोंड हातभर. कुठून येणार बिचारा पखवाज विहिरीपर्यंत!

आता माझ्या खोलीत 'धूं' येतो, टाळांची किणकिण येते, बुवांचा श्वाससुद्धा येतो. आणि तरी कधीकधी दुपारी मी वूफर बंद करतो, ट्वीटर बंद करतो, फक्त काळी वाट ठेवतो. हरिपाठ लावतो. खोलीत लिंब नाही, विहीर नाही, पण आवाज मात्र तोच, चिंचोळा, नाकातला, लांबून आल्यासारखा.

परवा शेजारचं पोरगं दारात येऊन म्हणालं, "काका, स्पीकर बिघडला का?"

म्हटलं, हो. बिघडलाय. कोण समजावत बसतंय त्याला.